उंची

आमच्या दाराच्या चौकटीवर
वडिलांनी, न्तातेंनी, चाकूनं कोरलेल्या खुणा आहेत.
डिसेंबरात खाणीतून सुट्टीवर आले की
आधी घोड्याला पाणी, मग आमची मापं.
सगळ्यात खालची माझी, तिच्यावर तुमेलोची,
आणि पार वर, गंमत म्हणून, त्यांची स्वतःची.
ती मी कोरली. स्टुलावर चढून.

सोन्याच्या खाणीतून त्यांनी सोनं कधी आणलं नाही.
आणली घोंगडी, साखर, बॅटरीवरचा रेडिओ,
आणि एका वर्षी खोकला.

आमच्या भाषेत छाती म्हणजे सेफुबा
आणि क्षय म्हणजे लेफुबा.
अंतर एका अक्षराचं.
दोन महिने न्ताते ते अक्षर गोळ्यांनी पुसत राहिले.
अंग धरलं. रुमाल पांढरा राहू लागला.
मक्याचा पापा दुसऱ्यांदा वाढून मागू लागले.
दवाखाना घोड्यावरून चार तास,
मधे नदी, आणि नदीवर जूनमधे बर्फ.
"बरं वाटतंय," म्हणाले.
उरलेल्या गोळ्या चहाच्या डब्यात गेल्या,
पुढं कधी लागल्या तर म्हणून.

खोकला परत आला नाही.
तिथंच फसलो.
आला असता तर अंधारातही ओळखला असता,
त्याचा आवाज आम्हा सगळ्यांना पाठ होता.
या वेळी तो न बोलता आला
आणि पाठीत जाऊन बसला.

आधी खोगीर जड झालं.
मग रात्रीचा घाम : घोंगडी पहाटे दगडावर वाळत.
"खाणीतली पाठ आहे, दुखणारच की."
शेजारच्या मात्सेपोनं चरबी चोळून दिली,
तिच्या बोटांना खांद्यांमधे काहीतरी लागलं,
सुपारीएवढं. ती बोलली नाही.
सेफाको, आमचा करडा घोडा,
त्यांना चढता यावं म्हणून बांधाला खेटून उभा राहायला
आपण होऊन शिकला.
आणि एका सकाळी
पायात चप्पल आहे की वाटेत निघून गेली,
हे त्यांना खाली बघून ठरवावं लागलं.

नर्सनं एक्स-रे खिडकीच्या उजेडात धरला.
दोन मणके एकमेकांवर बसलेले,
गळक्या छपराखालच्या कच्च्या विटा बसतात तसे,
आणि त्यांच्या बाजूला ढगासारखा पू.
ती रागावली नाही. एवढंच विचारलं,
"डब्यात किती होत्या?"
म्मे लगेच म्हणाली, "एकशे बारा."
घरात चहा करणारी तीच.
रोज डबा उघडायची
आणि गप्प बसायची.

मग वर्षभर गोळ्या, एकही न चुकवता.
जंतू मेले. कागदावर तसं लिहून आलं.
पाय परतले, अर्धेमुर्धे,
दोन काठ्या सोबत घेऊन.
कणा परतला नाही.
तो जिथं मोडला तिथंच जुळला,
चूक तशीच ठेवून शिवण घालावी तसा.

या डिसेंबरात माझा पुले चौकटीला टेकून उभा राहिला.
खूण झाली. मग हट्ट : आता तुम्ही.
न्ताते उठले.
कुबड लाकडाला टेकलं, डोकं पुढंच राहिलं,
मी रेडिओ आडवा धरून माप चौकटीपर्यंत नेलं.
पुले ओरडला, "आपण सारखे! आपण सारखे!"
आणि अंगणभर धावत सुटला
सेफाकोला सांगायला.

न्तातेंनी चाकू मागून घेतला.
त्याचीच खूण थोडी खोल केली, दोघांना पुरेल इतकी.
वर पाहिलं नाही.
तसं वर पाहताही येत नाही त्यांना आता.

ती वरची खूण धुरानं काळी पडलीय.
म्मे म्हणते, तिथं एक खिळा ठोक,
त्यांची घोंगडी अडकवायला बरा.
ठोकीन म्हणते. रोज राहून जातं.
तिथवर पोचायला मला अजून
स्टूल लागतं.